पावणेपाच म्हणजे पाच वाजून गेले का?

माहुलीसंगम | रविवार, रात्री ९:४५

मंडळी, लेकीला काट्यांचं घड्याळ शिकवायचंय आणि मी थकले आहे. आधी काल घरात काय झालं ते सांगते, म्हणजे प्रकरण कुठवर गेलंय ते कळेल.

आम्ही साताऱ्यात, शाहूपुरीत राहतो. लेक तिसरीत, सेमी इंग्लिश. सासूबाईंचं दर शनिवारी मारुतीच्या देवळात भजन असतं, साडेपाचला. काल दुपारी त्या जरा आडव्या झाल्या होत्या. जाग आली तर चष्मा सापडेना, म्हणून लेकीला म्हणाल्या, "किती वाजलं बघ गं." मी गच्चीवर कपडे काढत होते. लेकीने हॉलमधल्या घड्याळाकडे बघून सांगितलं, "पाच पंचेचाळीस."

सासूबाई ताडकन उठल्या. तोंडावर पाणी मारलं, टाळ पिशवीत टाकले आणि चहाही न घेता निघाल्या. देवळात चिटपाखरू नाही. भजन सोडून सगळ्या गेल्या कुठे म्हणून पायरीवर बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने एकेक बाई यायला लागली आणि जो तो विचारतोय, "आज लवकर कशा?" घरी आल्यावर जे काही झालं ते थोडक्यात असं:

"अगं, पावणेपाच वाजले होते तेव्हा!"

"मग पाचच की! पावणे-पाच. तूच म्हणतेस ना पाच."

यावर सासूबाईंकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याकडेही नव्हतं.

मला वाटतं घोळ असा आहे. मोबाईलवर दिसतं ४:४५, तिथे चार आहेत. शाळेच्या वहीत आहे 'क्वार्टर टू फाइव्ह', तिथे पाच आहेत. घरी आपण म्हणतो पावणेपाच, तिथेही पाच. भिंतीवर छोटा काटा पाचाला टेकलेला. म्हणजे एकट्या मोबाईलवर चार, बाकी सगळीकडे पाच. आठ वर्षांच्या पोरीने कुणाचं ऐकायचं? शाळेत विचारलं तर "तो भाग झाला, आता घरी सराव घ्या" असं उत्तर मिळालं.

तर विचारायचं हे की आधी काय शिकवावं? सव्वा, साडे, पावणे सध्या बाजूला ठेवून नुसतं "चार वाजून पंचेचाळीस मिनिटं" घोटून घ्यावं का? पुढच्या शुक्रवारी चाचणी आहे.

पावशेर | रविवार, रात्री ९:५२

चहा न घेता गेल्या हे वाचून फार वाईट वाटलं. बाकी धागा पावणेदहाला काढलात हे बरं केलंत.

दुपारची_शाळा | रविवार, रात्री १०:३०

ताई, मी वाळवा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तुमची लेक करते ती चूक दरवर्षी निम्मा वर्ग करतो. सरळ आहे, मुलं काटा ज्या आकड्याच्या जवळ दिसेल तो आकडा वाचतात. चार वाजून पाच मिनिटांना हे चालून जातं, कारण काटा चाराजवळच असतो. चार पन्नासला फसतं. म्हणून चूक नेहमी अर्ध्या तासानंतरच होते. तुमची वही तपासून बघा, साडेच्या आधीची उत्तरं बरोबर असतील.

माझा उपाय विचाराल तर मोठा काटा काढून टाका. खरंच काढून टाका. मी एक जुनं भिंतीवरचं घड्याळ घेतलं, काच काढली, सेकंद काटा आणि मिनिट काटा उपटून डब्यात ठेवून दिले. नुसत्या तास काट्यावर पहिला आठवडा. मुलांना "काटा कुणाजवळ आहे?" असं कधीच विचारत नाही. विचारते, "कुठलं गाव मागं पडलं?"

आपली सातारा-कराड एसटी घ्या. नागठाणे गेलं, अतीत गेलं, उंब्रजही गेलं. खिडकीतून कराड दिसायला लागलं. मग तुम्ही कराडात पोचलात का? नाही, अजून स्टँड आलेला नाही. कुणी फोन केला तर काय सांगाल? "उंब्रज सोडलंय." तसंच काट्याने चार सोडलंय, पाचचा स्टँड यायचाय. वर्गात हे एकदा बसलं की पोरं आपणहून "बाई, पावणेकराड!" म्हणून ओरडतात.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. तो पुठ्ठ्याचा डायल फेकून द्या, मधे टाचणी मारून दोन काटे लावलेला. त्यात दोन्ही काटे सुटे फिरतात. पोरगं छोटा काटा बरोब्बर चारावर ठेवतं, मोठा नवावर, आणि आपण "शाब्बास, पावणेपाच" म्हणतो. असं घड्याळ जगात कुठे असतं? पावणेपाचला छोटा काटा चारावर असूच शकत नाही. त्यापेक्षा खरं घड्याळ द्या आणि मागची चकती पोरीलाच फिरवू द्या. मोठा काटा पूर्ण फेरी मारतो तेव्हा छोटा एका घरातून पुढच्या घरात सरकतो, हे तिच्या बोटाला कळू द्या.

मिनिटं नंतर. त्याला पाचाचा पाढा आहेच. नवावर काटा, पाच नवे पंचेचाळीस. त्यात आपल्या मराठीची वेगळी गंमत, पंचेचाळीस ऐकून ५४ लिहिणारी पोरंही असतात. पण तो दुसरा धागा होईल.

सव्वा-साडे-पावणे मात्र अजिबात बाजूला ठेवू नका. का ते उद्या लिहिते, आता वह्या तपासायच्यात.

यवतेश्वरी | सोमवार, सकाळी ७:१०

वेगळं मत मांडते, रागावू नका. एवढा आटापिटा हवाच कशाला? फोनवर आकडे, मायक्रोवेव्हवर आकडे, गाडीत आकडे. माझा मुलगा बारावी झाला, त्याला काट्यांचं घड्याळ धड वाचता येत नाही, काही अडलं नाही त्याचं. घटिकापात्र वाचता येत नाही म्हणून आपण रडतो का?

मिरजेची_सिस्टर | सोमवार, दुपारी ३:२०

यवतेश्वरी, तुमचं म्हणणं वाचलं आणि ड्युटीवरून आल्या आल्या लिहायला बसले.

मी मिरजेत नर्स आहे. नाडी मोजताना एक हात पेशंटच्या मनगटावर, डोळा घड्याळाच्या सेकंद काट्यावर. काटा बारावर आला की मोजायला लागायचं, सहावर आला की थांबायचं, आकडा दुप्पट करायचा. ठोके अनियमित वाटले तर पूर्ण फेरी, साठ सेकंद. यात मी घड्याळाचे आकडे *वाचत* नाही. मनात ठोक्यांचे आकडे चालू असतात, तिथे घड्याळानेही आकडेच दाखवले तर दोन्ही मोजण्या एकमेकींच्या पायात येतात. काटा नुसता डोळ्याच्या कडेला फिरत असतो. शिकायला येणाऱ्या नव्या मुली आकड्यांचं घड्याळ घालून येतात, आठवड्याभरात काट्यांचं घेतात. कुणी सांगावं लागत नाही.

आणि पेपर लिहिताना "आता एवढाच तुकडा उरला" हे काट्यावर जसं दिसतं तसं ११:३८ या आकड्यात दिसत नाही. ११:३८ दिसलं की आधी वजाबाकी करावी लागते.

यवतेश्वरी | सोमवार, दुपारी ३:४१

नाडीचं पटलं. परीक्षेचं पटलं नाही, वजाबाकी यायलाच हवी.

कृष्णाकाठचा | सोमवार, दुपारी ४:०५

निवृत्त माणूस आहे, सांगलीत आयर्विन पुलापासून चालत पाच मिनिटांवर राहतो. वेळ भरपूर आहे, त्यामुळे लांबण लागेल.

दुपारची_शाळा बाई आज लिहिणार होत्या ते मीच आधी लिहून टाकतो, माफ करा. सव्वा, साडे, पावणे हे वेळेचे शब्द नव्हेतच मुळी. ते अपूर्णांक आहेत. सव्वा म्हणजे सपाद, पाव भागासकट. साडे म्हणजे सार्ध, अर्ध्यासकट. पावणे म्हणजे पादोन, पाव उणा. सव्वाचार किलो, साडेचार रुपये, पावणेपाच मीटर, सगळीकडे तेच. तर पावणेपाच म्हणजे पाचाला पाव कमी, ४¾. हा पाव *तासाचा* आहे, आणि तो तास काट्यानेच चाललेला आहे. थोडक्यात हे शब्द छोट्या काट्याची जागा सांगतात. मोठा काटा पडून हरवला तरी छोट्या काट्यावरून सव्वा, साडे, पावणे बिनचूक सांगता येतं. "वाजून पंचेचाळीस" सांगायला मात्र मोठा काटा लागतो.

आमच्या वेळी दुपारी शाळा सुटायच्या आधी परवचा असायची, म्हणजे पाढे मोठ्याने म्हणायचे, अपूर्णांकांचेसुद्धा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. ज्याने पाऊणकी घोकली त्याला पावणेपाच समजावून सांगायची गरज पडायची नाही. आता पाऊणकी गेली, पावणेपाच राहिलं. मुळं तुटली आणि पान मुलांच्या हातात, असं झालंय.

नातवंडांच्या आणखी काही अडचणी मी पाहिल्या आहेत, त्या सांगतो. साडेतीन आहे, साडेचार आहे, पण साडेएक नाही, साडेदोन नाही. तिथे दीड आणि अडीच. बारा पंचेचाळीसला पावणेएक कुणी म्हणत नाही, नुसतं पाऊण. सव्वाएकलाही "सव्वा वाजला" म्हटलं तरी चालतं. शिवाय एक *वाजला*, दीड *वाजला*, पाऊण *वाजला*, पण दोन *वाजले*. अडीच *वाजले*. माझा नातू पुण्याहून येतो तो "साडेदोन वाजला" म्हणतो, मग त्याची आजी कानाला हात लावते.

वाजला हा शब्दच बघा की. वेळ आपल्याकडे दिसत नव्हती, वाजत होती. घटिकापात्र पाण्यात बुडालं की टोला द्यायचा. तळाला भोक असलेली वाटी, ती भरून बुडायला एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. साठ घटकांचा दिवस. घड्याळ या नावातही तीच घटका आहे. तेव्हा यवतेश्वरीताई, घटिकापात्राला एवढं मोडीत काढू नका.

यवतेश्वरी | सोमवार, दुपारी ४:३०

काका, नमस्कार. मोडीत नाही काढलं हो.

नेकारकाठी_सातारकर | सोमवार, संध्याकाळी ६:५०

काकांच्या पोस्टवरून राहवेना. मी मूळचा सदरबझारचा, सध्या जर्मनीत श्टुटगार्टला. नेकार नदीच्या काठी, म्हणून हे नाव.

इथे साडेचारला म्हणतात 'हाल्ब फ्युन्फ'. शब्दशः अर्धा पाच. पहिल्याच महिन्यात एकाने मला हाल्ब फ्युन्फला बोलावलं, मी साडेपाचला गेलो. तो तासभर वाट बघून निघून गेला होता. (आजींचा उलटा प्रकार.) आणि या भागात पावणेपाचला 'ड्रायफिअर्टल फ्युन्फ' म्हणतात, पाऊण पाच. म्हणजे पाचव्या तासाचा पाऊण हिस्सा भरला. येणाऱ्या तासाचं नाव आधीच घ्यायचं, आपल्या पावणेसारखंच.

मला वाटायचं ही यांचीच तऱ्हा. पण आपलं अडीच काय आहे?

कृष्णाकाठचा | सोमवार, संध्याकाळी ७:०२

बरोबर पकडलंत! अडीच म्हणजे अर्धतृतीय, तिसरा अर्धा. औट म्हणजे अर्धचतुर्थ, चौथा अर्धा. तुमचा हाल्ब फ्युन्फ तोच. जेवून उरलेलं लिहितो.

पावशेर | सोमवार, संध्याकाळी ७:०५

काका किती वाजता जेवतात? औट वाजता?

काटेकोर | सोमवार, रात्री ९:१५

सांगलीत आमचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. इथे सगळे पोरीला शिकवायच्या मागे लागलेत, कुणी घड्याळ तपासलं का?

सांगतो का ते. घड्याळात तास काटा आणि मिनिट काटा यांच्यामध्ये चाकं असतात, बारास एक या हिशोबाची. मिनिट काट्याच्या बारा फेऱ्या, तास काट्याची एक. मिनिट काटा मिनिटाला ६ अंश, तास काटा अर्धा अंश. पण हे झालं चाकांचं. काटा त्या नळीवर नुसता दाबून बसवलेला असतो. घड्याळ पडलं, कुणी काटा हाताने ढकलला, की तास काटा आपल्या जागेवरून घसरतो आणि तसाच घसरलेला पुढे चालत राहतो. घड्याळ वेळ बरोबर दाखवतंय असं वाटत राहतं, कारण मिनिट काटा बरोबर असतो.

तपासायचं सोपं आहे. बरोबर सहाला दोन्ही काटे एका सरळ रेषेत हवेत. बाराला एकावर एक. तीन आणि नऊला काटकोन. नसले तर काटा घसरलाय.

दुकानात हे रोज बघतो. गिऱ्हाईक महिनोन्महिने तसलं घड्याळ वापरतं आणि त्याला पत्ता नसतो. सेल बदलायला येतात तेव्हा मी सांगतो. कारण मोठी माणसं तास काटा बघतच नाहीत. सकाळ आहे, ऊन किती आलंय, पोटात काय चाललंय, त्यावरून तास डोक्यात ठरलेला असतो. घड्याळाकडे फक्त मिनिटासाठी बघतात. तास काटा खरोखर वाचणारं गिऱ्हाईक म्हणजे लहान मूल.

एका काट्यावर शिकवायचं बाईंचं बरोबर आहे. युरोपात जुन्या मनोऱ्यांवरच्या कित्येक घड्याळांना एकच काटा असायचा, तासाचा. १६५६ मध्ये हायगेन्सने लंबकाचं घड्याळ बनवलं, तेव्हापासून घड्याळं मिनिटाला भरवशाची झाली आणि पुढे मिनिट काटा सर्रास आला. त्याआधी मिनिट काटा लावून उपयोग काय होता? घड्याळच दिवसाला पाव तास इकडेतिकडे व्हायचं.

भडंगप्रेमी | सोमवार, रात्री ९:४०

आम्ही घड्याळ बघून नाही, भोंगा ऐकून मोठे झालो. साखर कारखान्याचा भोंगा. सकाळी आठला, दुपारी चारला, रात्री बाराला, पाळी बदलायची. चारचा भोंगा झाला की आई चहा टाकायची आणि आम्ही शाळेतून घरी पोचलेलो असायला हवं. नसलो तर प्रसाद. हंगाम संपला, कारखाना थांबला की गावाची वेळच बंद पडल्यासारखी व्हायची.

आता आपल्याच सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे, कडेगाव तालुक्यात. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि सगळ्या गावाने दीड तास मोबाईल-टीव्ही बंद ठेवायचा. साडेआठपर्यंत पोरं अभ्यासाला. बऱ्याच वर्तमानपत्रांत आलं होतं. तिथल्या पोरांना सात आणि साडेआठ हे दोन तरी पक्के कळत असणार, काटे असोत नसोत.

माहुलीसंगम | मंगळवार, संध्याकाळी ६:२५

काटेकोर, तुम्हाला कंदी पेढे कुठे पाठवायचे ते कळवा.

आज मुद्दाम सहाला घड्याळासमोर उभी राहिले, मोबाईल हातात घेऊन. मोबाईलवर सहा झाले. मोठा काटा बारावर, अगदी बरोबर. छोटा काटा सहावर *नाही*. सहा आणि सातच्या मधल्या अंतराचा तिसरा हिस्सा पुढे गेलेला. नवऱ्याला बोलावलं, त्याने बघितलं, म्हणाला, "असंच असतं की." सासूबाईंना दाखवलं, त्यांना चष्मा लावूनही पहिल्यांदा दिसलं नाही. लेकीने लांबूनच सांगितलं, "सहाचं गाव मागं पडलंय." (बाईंचा एसटीचा प्रकार कालच सुरू केलाय.)

मग आठवलं. दिवाळीच्या साफसफाईत हेच घड्याळ स्टुलावरून गादीवर पडलं होतं. काच फुटली नाही म्हणून आम्ही खूश होऊन परत टांगलं. तेव्हापासून घरातली तीन मोठी माणसं त्यावर रोज वेळ बघतायत. दूधवाला, डबा, रिक्षा, एकदाही चुकलं नाही.

काटेकोर | मंगळवार, संध्याकाळी ७:१०

हिशोब करून देतो, आजींना दाखवा. दोन आकड्यांमध्ये ३० अंश असतात. तिसरा हिस्सा म्हणजे तुमचा काटा साधारण १० अंश पुढे. पावणेपाचला तास काटा १४२.५ अंशावर पाहिजे आणि पाचचा आकडा १५० वर असतो. पाचला साडेसात अंश कमी, पाव तासाचं अंतर तेवढंच. त्यात तुमचे १० मिळवा, १५२.५. म्हणजे शनिवारी काटा पाच *ओलांडून गेलेला* होता.

छोटा काटा पाचच्या पुढे, मोठा नवावर. मी जरी नुसतं घड्याळ बघून सांगितलं असतं तरी पाच पंचेचाळीसच म्हटलं असतं. पोरीने चूक केलेली नाही.

दुरुस्ती घरी होईल. सेल काढा, काच उघडा, सेकंद काटा अलगद वर ओढून काढा, मग मिनिट काटा (त्यावर बारीक नट असेल तर तो आधी), मग तास काटा. बसवताना उलट्या क्रमाने, तिन्ही बारावर धरून. काटे वाकवू नका, एकमेकांना घासले तर घड्याळ अडकेल. पेढ्यांची गरज नाही, राजवाड्याजवळचे असले तर मात्र नाही म्हणणार नाही.

पावशेर | मंगळवार, संध्याकाळी ७:१८

म्हणजे तीन मोठी माणसं नापास आणि तिसरीतली पास. शाळेला कळवा.

मिरजेची_सिस्टर | मंगळवार, रात्री १०:५५

आमच्या वॉर्डातलं घड्याळ आत्ता तपासलं. बरोबर आहे. पण तपासलं ते पहिल्यांदाच, हे कबूल करते.

दुपारची_शाळा | बुधवार, सकाळी ६:४०

मला तर धस्स झालं. वर्गातल्या घड्याळाचे काटे मी स्वतः उपटले आणि परत लावले होते. आज शाळेत गेल्यावर पहिलं काम ते.

ताई, एक लक्षात घ्या. घड्याळ चुकीचं होतं, तरी तिची "पावणेपाच म्हणजे पाचच की" ही अडचण खरी आहे, ती वेगळी सोडवायची. काकांनी वर सगळं लिहिलंच आहे. मी वर्गात भाकरी वापरते. पाच भाकऱ्या आहेत, शेवटचीचा पाव तुकडा कुणीतरी मोडून खाल्ला. पूर्ण किती राहिल्या? चार. आणि एकूण किती? पावणेपाच. पोरांना हे पटकन कळतं, तुकडा कुणी खाल्ला यावर भांडणही होतं.

अजिंक्यताऱ्याची_सावली | बुधवार, दुपारी १२:४०

थोडं अवांतर, पण साताऱ्याचा धागा आहे म्हणून. घड्याळाचे काटे सरळ केलेत तरी ते साताऱ्याची वेळ दाखवत नाहीत हे कुणी सांगितलं का? भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, आणि सातारा ७४ अंशांवर. साडेआठ अंशांचा फरक, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे ३४ मिनिटं. आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो सरासरी १२:३४ ला. तोही वर्षभर हलतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१८ च्या सुमारास, फेब्रुवारीच्या मध्यात १२:४८ च्या आसपास.

गच्चीत काठी उभी करून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करा, सर्वांत आखूड खूण कुठे येते बघा. मुलांना फार आवडतं. शिवाय सावली ज्या बाजूने फिरते त्याच बाजूने काटे फिरतात, हेही दिसेल. प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, तरी मुंबईने स्वतःची वेळ, जवळजवळ ३९ मिनिटं मागची, १९५५ पर्यंत काही प्रमाणात धरून ठेवली होती.

पावशेर | बुधवार, दुपारी १२:५२

म्हणजे मी ऑफिसला रोज ३४ मिनिटं लवकर जातोय. साहेबांना हा धागा पाठवतो.

कृष्णाकाठचा | बुधवार, दुपारी ४:१०

सावलीवाले, झकास. आमच्या सांगलीला तुमच्यापेक्षा दोन मिनिटं आधी मध्यान्ह होते, एवढं नमूद करून ठेवतो.

काटेकोर, एक विचारायचं राहिलं. लग्नात सासऱ्यांनी दिलेलं एच.एम.टी. जनता आहे माझ्याकडे, किल्लीचं. देवनागरी आकड्यांचं. रोज सकाळी आंघोळीनंतर किल्ली देतो. हल्ली दिवसाला चार मिनिटं मागे पडतं. तेल द्यावं लागेल का?

काटेकोर | बुधवार, रात्री ९:०५

घेऊन या काका. नुसतं तेल घालून चालत नाही, पूर्ण खोलून साफ करावं लागतं, जुनं तेल घट्ट होतं. आणि कुणीही "मशीन बदलून देतो" म्हटलं तर देऊ नका. देवनागरी डायल सांभाळा.

माहुलीसंगम | रविवार, सकाळी १०:२०

सगळ्यांचे आभार, आणि खबरबात.

घड्याळ बुधवारी रात्री उघडलं. सेकंद काटा काढताना नवऱ्याने श्वास रोखून धरला होता. काटे लेकीनेच बाराला धरून बसवले, कारण तिची बोटं बारीक आहेत. पण बसवायच्या आधी दोन दिवस नुसत्या छोट्या काट्यावर चालवलं. शुक्रवारी सकाळपर्यंत घरात कुणालाच मिनिटं माहीत नव्हती. "साडेसात आणि पावणेआठच्या मधे" अशी वेळ सांगून डबे भरले. रिक्षावाल्या काकांना एकदा पाच मिनिटं थांबावं लागलं.

भाकरीचा प्रयोग केला, तो लेकीच्या पानातच संपला.

चाचणी झाली. दहापैकी नऊ. चुकलेला प्रश्न म्हणजे वहीत छापलेलं चित्र, छोटा काटा बरोब्बर सातावर आणि मोठा सहावर. उत्तर हवं होतं साडेसात. हिने खाली लिहिलं, "हे घड्याळ पडलेलं आहे." गुण दिला नाही. मी वाद घातला नाही, पण पान जपून ठेवलंय.

आता तिचा नवा प्रश्न आहे. बाराला काटे एकावर एक असतात, मग परत कधी येतात? मी म्हटलं एक वाजून पाच मिनिटांनी. तिने मागची चकती फिरवून बघितली आणि म्हणते, नाही, पाचाला छोटा थोडा पुढे असतो.

काटेकोर | रविवार, सकाळी १०:४५

बरोबर म्हणते. १ वाजून ५ मिनिटं आणि २७ सेकंदांच्या आसपास. बारा तासांत काटे अकरा वेळा भेटतात, बारा नाही. का ते तिलाच शोधू दे, सांगू नका. चकती फिरवून मोजू दे.

दुपारची_शाळा | रविवार, सकाळी ११:०५

वर्गातलं घड्याळ तपासलं. माझं पण थोडं घसरलेलं होतं.

त्या पानाचा फोटो टाका ना ताई, शाळेचं नाव झाकून.

यवतेश्वरी | रविवार, सकाळी ११:३०

आजींचं कालचं भजन कसं झालं ते सांगितलं नाहीत.

माहुलीसंगम | रविवार, दुपारी १२:१५

वेळेवर गेल्या. दुपारी लेकीला हाक मारली, "किती वाजलं बघ गं." ती म्हणाली, "पाच वाजायचेत अजून आजी, पावणेपाच." सासूबाईंनी चहा मागितला, सावकाश प्यायल्या, आणि मग माझ्याकडे येऊन हळूच म्हणाल्या, "तुझ्या मोबाईलवर बघ जरा."